मुठीतला दाणा

पुण्याचे लोक बारामतीला कामासाठी जातात. इंदापूरला त्याहून कमी जातात, आणि नरसिंहपूरला ज्यांचे कुलदैवत तेथे आहे तेवढेच जातात. मी यांपैकी कशासाठीही गेलो नव्हतो. मी वांग्याची मुळे पाहायला गेलो होतो. परत आल्यावर शेजारच्यांनी विचारले, काय काय पाहिलेत, तर मुळे म्हटल्याबरोबर त्यांनी विषय बदलला. त्यांचे बरोबर आहे. घरात दुःख झालेल्या माणसाला फार विचारू नये अशी आपल्याकडची रीत आहे. म्हणून हे सावकाश लिहून काढतो आहे. ज्याला वाचायचे तो वाचेल.

आमची सुमन वनस्पतिशास्त्र शिकली आणि शेतीसंशोधनाच्या एका केंद्रात नोकरीला लागली. तिचे काम वांग्यांचे होते. बागायती जमिनीत डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी असतात. पुस्तकात त्यांना सूत्रकृमी म्हणतात. ते झाडाच्या मुळांत शिरतात, मुळांना गाठी येतात, आणि वर झाड विनाकारण खुरटल्यासारखे दिसते. शेतकरी पाणी देतो, खत देतो, शेवटी नशिबाला बोल लावतो. दुखणे मात्र जमिनीखाली असते. कोणते वाण या कृमींना दाद देत नाही आणि कोणते लगेच बळी पडते, याची प्रतवारी लावणे हे सुमनचे काम.

ही प्रतवारी तिने आमच्या स्वयंपाकघरातून उचलली होती. आईचा जुना मिसळणाचा डबा तिने मागून घेतला आणि त्याच्या वाट्यांत मोहरी, ज्वारी, हरभरा आणि शेंगदाणा ठेवला. मधली वाटी रिकामी. मुळावरची सर्वांत मोठी गाठ ज्या दाण्याएवढी, तो त्या झाडाचा वर्ग. गाठ नसेल तर रिकामी वाटी. दोघांनी एकाच झाडाची मुळे पाहायची, एकमेकांकडे पाठ करून डब्यात हात घालायचा, दाणा मुठीत धरायचा आणि मुठी एकदम उघडायच्या. जमले तर वर्ग ठरला. न जमले तर मळ्याच्या मालकाने तिसरी मूठ धरायची. आणखी एक नियम होता आणि तो कडक होता. वाणाचा वर्ग त्याच्या सगळ्यांत वाईट झाडावरून ठरवायचा. ‘बाबा, शेतकऱ्याच्या पदरात नेमके तेच झाड पडले तर?’ असे ती म्हणे.

घरी दुसरी मूठ माझी असे. ती ओल्या फडक्यात मुळे बांधून आणी आणि आम्ही गॅलरीत बसून मुठी उघडत असू. मी जन्मभर शाळेत गणित शिकवले, पण माझी परीक्षा कोणी अशी घेतली नव्हती.

मार्गशीर्षात थोड्या दिवसांच्या तापाने ती गेली. तिने स्वतः निवडलेले सातव्या नंबरचे वाण त्या वेळी तीन गावांत, तीन मळ्यांत उभे होते. एक मळा चुकला तर चालेल, पण निदान दोन ठिकाणी ते ज्वारीच्या पुढे गेले नाही तर बियाणे वाढवायला घ्यायचे, नाही तर बाद करायचे असे ठरलेले होते. माघात केंद्राचे साहाय्यक वाघमारे घरी आले. म्हणाले, ‘मास्तर, बाईंची मूठ तुम्हालाच माहीत आहे. चलता का?’

सुमनच्या आईने डबा पुसून माझ्या हातात दिला. ‘परत आणा,’ एवढेच म्हणाली.

बारामती

दौंडला मोठी गाडी सोडून बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. तिच्या वेगाविषयी मी काही लिहीत नाही. वाघमारे खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, ‘भूक लागली तर सांगा मास्तर. उतरतो, हरभरा उपटतो आणि शेवटच्या डब्यात चढतो.’ वाघमारे पस्तिशीचे, साताऱ्याकडचे, बोलके गृहस्थ. सुमन त्यांच्याहून वयाने लहान, पण ते तिला बाई म्हणत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी नकळत ताठ बसलो.

बारामती जवळ आली तसा गुळाचा वास डब्यात शिरला. दोन्ही अंगांना ऊस, मध्ये कुठे भाजीचे तुकडे, आणि या सगळ्याच्या मुळाशी नीरेचा कालवा. आमच्याकडे कालवा म्हणजे संध्याकाळी फिरायला जायची जागा. येथे दोन माणसे भेटली की प्रकृती विचारत नाहीत, पाणी कधी सुटतंय ते विचारतात. सुमनने एकदा मला समजावले होते की बारमाही पाणी आले की बारमाही भाजी येते, आणि बारमाही भाजी आली की या कृमींना कधी उपास घडत नाही. कालव्याच्या काठी उभा राहिलो तेव्हा ते वाक्य मला नीट कळले. इतके सुंदर पाणी, आणि त्याच पाण्याच्या आधाराने जमिनीखाली तेही सुखाने नांदत होते.

खानावळीत रात्री ताटात दोन भाज्या आल्या, दोन्ही वांग्याच्या. वाघमारे म्हणाले, ‘सरकारी काम सुरू झालं.’

लोणी भापकर

दुसऱ्या दिवशी टांग्याने लोणीला गेलो. गावात जुने देवालय आणि त्याच्यापुढे दगडी पायऱ्यांचे कुंड आहे. तेथे थोडे थांबावे असे मनात होते, पण तात्या रस्त्यावरच उभे होते. सुमनचे इकडचे मळेवाले ते हेच. विहिरीवर मोट, विहिरीखाली वांगी, मिरची आणि कांदा, आणि अंगावर खास घातलेला धुवट सदरा.

आपल्याकडे दुःखाच्या घरी गेले की गेलेल्या माणसाचे नाव टाळतात. तात्यांनी पहिलेच वाक्य तिच्या नावाने सुरू केले.

‘सुमनताई हितंच बसायच्या. ह्या दगडावर. तुमी बी बसा, गुरुजी.’

मी बसलो. मग तिच्याविषयी जेवढे ऐकले तेवढे मला घरी दोन महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. ती मोट हाकायला शिकली होती. बैल तिचे ऐकत नसत. तात्यांच्या पत्नीने, काकूंनी, तिला एकदा भर उन्हात कामावरून उठवून जेवायला बसवले तेव्हा तिने मातीच्या हातानेच भाकरी मोडली होती.

‘मी म्हणलं, हात धू की पोरी,’ काकू म्हणाल्या. ‘तर म्हणती, काकू, ही माती मी रोज बघती, आज चाखून बी बघती.’

सुमन असे ग्रामीण बोलत नसे, पण काकूंच्या तोंडी ते तिचेच वाटले.

आम्ही कामाला लागलो. येथे भरले झाड कोणी उपटत नाही. म्हणून काकूंनी आधी प्रत्येक झाडाची फळे, अगदी बोराएवढीसुद्धा, काढून टोपलीत घातली, झाडाला हात लावून नमस्कार केला, मग तात्यांनी कुदळ घातली. प्रत्येक मळ्यात सातव्या वाणाशेजारी नेहमीच्या गावरान काटेरी वांग्याची एक ओळ असते. ती ओळ बळी पडणारच, हे माहीत असते. ती पडते म्हणूनच शेजारचे टिकले की नाही ते समजते.

पहिले झाड गावरानाचे. मुळे बादलीत धुतली. मी पाहिले, डब्यात हात घातला, मुठी उघडल्या. माझी रिकामी. वाघमारेंची मोहरी.

पुढचे झाड. दोघांच्या रिकाम्या.

सातव्या वाणाची मुळे तर अशी निघाली की विणायला घ्यावीत. पांढरी, सरळ, एक गाठ नाही. तात्या आमच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना शाबासकी हवी होती. पण जी ओळ पडायला हवी तीच पडली नव्हती. मग शेजारच्या ओळीने उभे राहून काय सिद्ध केले?

‘तात्या,’ वाघमारे सावकाश म्हणाले, ‘या वाफ्याला काय घातलंत?’

‘काय घालनार? जे घालायचं ते.’

‘म्हणजे?’

‘निंबोळी पेंड.’ तात्यांचा चेहरा उजळला. ‘ताई गेल्याचं कळलं ना, तवा मी हिला म्हणलं, ताईंचं वावर हाय, त्याला कमी पडू द्यायचं न्हाय. पेंड कुटली आणि दोन्ही ओळींस्नी घातली. आमच्या वांग्याला बी न्हाय घातली.’

कडुनिंबाची पेंड या कृमींना सोसत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होते. तात्यांच्या स्वतःच्या वांग्यांचे एक झाड उपटून पाहिले. शेंगदाण्याच्याही पुढचे होते.

‘वा,’ वाघमारे म्हणाले. ‘तात्या, तुम्ही दुखणाइतालाही औषध दिलं आणि धडधाकटालाही दिलं. आता आम्ही नाडी कोणाची बघायची?’

तात्यांना समजायला वेळ लागला. समजले तेव्हा ते कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले. काकू म्हणाल्या, ‘मी म्हणत हुते, इचारा कुनाला तरी. पर ह्यांस्नी कुनाला इचारायचं म्हंजे कमीपणा वाटतो.’

‘तू गप ऱ्हा,’ तात्या म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मग माझ्याकडे वळून: ‘गुरुजी, म्हंजे ताईंचं वाण माज्यामुळं गेलं का?’

मी म्हणालो, ‘नाही तात्या. हा मळा धरता येणार नाही, एवढंच. अजून दोन आहेत.’

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला वाईट कमी वाटले. कोणा माणसाने माझ्या मुलीसाठी पेंड कुटली होती आणि स्वतःची वांगी कोरडी ठेवली होती. शास्त्राच्या हिशेबात तो मळा बाद होता. माझ्या हिशेबात तो बाद नाही.

जेवायला काकूंनी त्याच टोपलीतली वांगी भरली. आमच्याकडे भरल्या वांग्यात गुळाचा खडा जातो. येथे काळा मसाला, शेंगदाण्याचे कूट आणि मिरची, बस. मी डोळे पुसत जेवलो आणि काकूंना वाटले मी रडतो आहे. तिखटाने, असे सांगितले तर त्यांनी मान हलवली आणि आणखी एक वांगे वाढले.

कळस

बारामतीला परतून इंदापूरकडे जाणाऱ्या मोटारीची वाट पाहत होतो. वाघमारेंनी डबा उघडून दाणे तपासायला घेतले आणि बिडी पेटवायला क्षणभर मान वळवली. तेवढ्यात एका शेळीने तोंड घातले. शेंगदाणे वाचले, मोहरी वाचली. हरभरा गेला.

‘बाकीचे वर्ग शाबूत आहेत,’ वाघमारे म्हणाले. ‘हरभऱ्याच्या वर्गाला शेळी लागली.’

मळ्यांतून हिरवा हरभरा हवा तेवढा होता, पण हिरवा दाणा फुगीर असतो. मापाला वाळलेलाच हवा. कळसला उतरून वाण्याच्या दुकानी गेलो. मी मूठभर हरभरा मागितला, आणि चाळून त्यातले मध्यम आकाराचे काही दाणे वेचून बाकीचे परत त्याच्याकडे सरकवले. वाण्याने बराच वेळ पाहून विचारले, ‘पत्रिका जुळत न्हाय का बाकीच्यांची?’

कळसचे मळेवाले आबा. ऊसवाले, साखर कारखान्याचे सभासद, आणि हे दोन्ही ते ओळखीबरोबरच सांगतात. वांग्यांना त्यांनी बांधाकडचा तुकडा दिला होता. फळे बाजारात गेली होती. झाडांवर काही शिल्लक नव्हते.

‘ताईंनी मागितलं म्हणून दिला तुकडा,’ आबा म्हणाले. ‘न्हाय तर उसाच्या राज्यात वांग्याला कोन इचारतंय?’

‘मग दिला कशाला?’ वाघमारेंनी विचारले.

‘तासभर भांडल्या माज्याशी. मी म्हणलं, तुमाला दिलेलं परवडलं.’

येथे काम चोख झाले. गावरान ओळ: शेंगदाणा, शेंगदाणा, हरभरा, शेंगदाणा. मुठी उघडल्या की दोघांचे एकच. मुळे इतकी गाठाळलेली की बादलीतून काढल्यावर ती मुळे वाटत नव्हती, आल्याचे तुकडे वाटत होते. म्हणजे जमीन खरी होती आणि शत्रू हजर होता.

मग सातवे. मोहरी. मोहरी. ज्वारी. मोहरी. पुन्हा ज्वारी. आबा आता बांधावरून खाली उतरले होते. प्रत्येक मुठीला पुढे वाकत होते आणि उघडायच्या आधी स्वतःच पुकारत होते, जसा आखाड्यात निकाल पुकारतात. दोनदा त्यांचे बरोबर आले आणि ते गड्याला म्हणाले, ‘बघितलं का? मला बी कळतंय.’

सगळी झाडे झाली. सगळ्यांत वाईट झाड ज्वारीचे. नियमाप्रमाणे कळसला सातव्या वाणाचा वर्ग ज्वारी.

‘ज्वारी म्हंजे वाईट का?’ आबांनी विचारले.

‘पास आहे,’ वाघमारे म्हणाले. ‘पहिला नंबर नाही.’

‘तेवढं बास की. आमी काय पैल्या नंबरानं आलोय?’

निघताना आबांनी गड्याला हाक मारून उसाच्या कडेची मिरची उपटायला लावली, मूळ हातात धरून पाहिले आणि माझ्यापुढे धरले. ‘मोहरी. व्हय का न्हाय, गुरुजी?’

मी पाहिले. मोहरीच होती. आमच्या गॅलरीतला खेळ आता उसाच्या कडेला एकटा चालत होता. तिने आबांना तो शिकवला नव्हता. त्यांनी नुसता पाहून उचलला. इंदापूरपर्यंत मोटारीत मी वाघमारेंशी बोललो नाही. त्यांना वाटले मला शोक होतो आहे. तसे नव्हते. मी फार सुखात होतो आणि ते सांगायची सवय मोडली होती.

नरसिंहपूर

आता सगळे नरसिंहपूरवर होते. तेथेही सातवे ज्वारीच्या पुढे गेले नाही तर सुमनचे वाण पुढे जाणार होते. इंदापूरहून गाडी केली. रस्ता शेवटी शेवटी नुसता चाकोरीचा. नीरा आणि भीमा जेथे मिळतात तेथे उंचावर नरसिंहाचे देऊळ आहे, आणि घाटाच्या पायऱ्या खाली पाण्यापर्यंत उतरतात. माघात पाणी कमी. दोन्ही नद्या शेजारी शेजारी थोडे अंतर आपापल्या रंगाने जातात आणि मग कुठे तरी, नेमके कुठे ते दाखवता येत नाही, एकच होतात. यात्रेकरू पाय धूत होते. मीही धुतले. नवस बोलण्याचा विचार आला होता. बोललो नाही. मुळे आधीच व्हायची ती झालेली होती. देवाला आता त्यात घालणे बरे दिसले नसते.

सोनाबाईंचा मळा नदीपासून थोडा वर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. शेत त्या स्वतः करतात आणि भाजी इंदापूरच्या बाजारात नेतात. आम्हाला पाहून त्या पाटावरून पाणी वळवता वळवता म्हणाल्या,

‘ताई न्हाय आल्या?’

वाघमारेंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळवायचे राहून गेले होते.

‘या खेपेला मी आलोय,’ मी म्हणालो. ‘मी तिचे वडील.’

‘मग ब्येस झालं. बसा. ताई तर येतायेताच वाकून मुळं बघाय लागत्यात.’

मी सांगितले नाही. तिसरी मूठ धरणाऱ्याच्या मनात काही नसावे, असे सुमन म्हणे. वाण कोणते हे त्याला ठाऊक नसावे, म्हणून पाट्याही ती उलट्या रोवत असे. आज ही बातमी सांगितली असती तर त्या मुठीला धरबंध राहिला नसता. आधी काम, मग सांगणे, असे मी ठरवले. ते सोपे गेले नाही, कारण सोनाबाई मधूनमधून विचारत होत्या, ताई बऱ्या हायत ना, लई वाळल्या हुत्या गेल्या खेपेला.

येथे फळे काढण्याची रीत निराळी होती. काकूंप्रमाणे सोनाबाईंनी सगळे झाड रिकामे केले, पण बुंध्याजवळचे एक फळ तसेच ठेवले. प्रत्येक झाडाला असे एक फळ होते, पिवळे पडलेले, कातडे कडक झालेले.

‘पैलं फळ झाडाचंच ऱ्हातं,’ त्या म्हणाल्या. ‘खात न्हाय, इकत न्हाय. सासूबाईंपासनं हाय. झाड काढलं तर कापून मुळाशी ठिवायचं.’ आणि तसे त्यांनी केले. बांधावर मुळांची रांग लागली आणि प्रत्येक मुळाशेजारी त्याचे त्याचे पिवळे वांगे.

गावरान ओळ येथेही शेंगदाण्यावर गेली. मग सातवे. मोहरी. मोहरी. ज्वारी. मोहरी. दोन झाडांना तर माझी मूठ रिकामी उघडली, आणि वाघमारेंचीही. ते आता हसू लागले होते. शेवटची एकदोन झाडे राहिली होती.

त्यातल्या एकाचे मूळ मी बादलीत धुतले, आणि कडेच्या एका लांब मुळावर एक गाठ बोटाला लागली. बाकीचे मूळ स्वच्छ होते. ती एकच. पुन्हा धुतली. माती असेल म्हणून नखाने ओढली. निघेना. ती मुळाचीच होती.

वाघमारेंनी मूळ पाहिले, माझ्याकडे परत दिले आणि पाठ केली. मीही पाठ केली. डबा माझ्यापुढे होता. ज्वारीची वाटी आणि हरभऱ्याची वाटी शेजारी शेजारी. ज्वारी उचलली असती तर कोणी खोटे म्हटले नसते. नजरेनजरेत तेवढा फरक पडतो. मला गॅलरी आठवली. एकदा तिच्या आवडत्या एका वाणाला मी कमी दाणा धरला होता आणि तिने माझी मूठ पाहून म्हटले होते, ‘बाबा, हे मला दिलंत की झाडाला दिलंत?’

मी हरभरा उचलला.

मुठी उघडल्या. वाघमारेंच्या मुठीत ज्वारी होती.

‘मास्तर,’ ते हळू म्हणाले, ‘एवढ्या ओळीत एक गाठ आहे. एक.’

‘नियम कोणाचा आहे?’

त्यांनी ज्वारी परत वाटीत टाकली. ‘बाईंचाच.’

आम्ही सोनाबाईंना बोलावले. त्यांनी हात पदराला पुसले, मूळ उन्हात धरून उलटसुलट केले, ती गाठ दोन बोटांत फिरवली. मग पाठ करून डब्यात हात घातला आणि मूठ आमच्यापुढे आणली. उघडली. हरभरा.

सातवे वाण बाद झाले होते.

सोनाबाईंनी दोघांची तोंडे पाहिली. ‘चुकलं का काय माजं?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘बरोबर आहे.’

‘मग ताईंस्नी सांगा, सोनाबाईनं हरभरा धरला म्हणावं. राग धरू नका.’

तेव्हा मी सांगितले. मार्गशीर्षात, तापाने. जे झाले ते दोन वाक्यांत सांगून होते, हे मला तोवर कळले नव्हते.

सोनाबाई खाली बांधावर बसल्या. हातातला हरभरा तसाच होता. मग म्हणाल्या, ‘गेल्या खेपेला मला म्हणाल्या, सोनाबाई, माझं मन राखायला मूठ धरू नका बरं का. मी म्हणलं, ताई, मी नवऱ्याचं मन राखलं न्हाय, तर तुमचं कुठनं राखू.’ आणि त्या हसल्या, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. मीही हसलो. तिच्या मागे मी पहिल्यांदा हसलो ते नरसिंहपूरच्या बांधावर, तिचे वाण नापास झाल्यावर.

मला त्या वेळी जे वाटले त्याला अभिमान हाच शब्द आहे. नदीकाठच्या एका बाईने माझ्या मुलीच्या वाणाला तिच्याच मापाने नापास केले होते, आणि हे करायला तिला माझ्या मुलीनेच शिकवले होते.

वाघमारे मात्र बसले नव्हते. ते मुळांच्या रांगेवरून मागे मागे चालत गेले आणि जी दोन झाडे अगदी स्वच्छ निघाली होती त्यांच्यापाशी थांबले. ‘मास्तर,’ त्यांनी हाक मारली. ‘वाण बाद. पण ही झाडं बाद नाहीत.’ त्यांनी वाकून मुळाशेजारची पिवळी वांगी उचलली. ‘लोणीला सगळी फळं काढली. कळसची बाजारात गेली. इथं प्रत्येक झाडाचं बी त्याच्या त्याच्या मुळाशी ठेवलेलं आहे.’

सोनाबाईंना यात विशेष काही वाटले नाही. झाडाचे फळ झाडापाशी ठेवायचे नाही तर कुठे ठेवायचे? पण त्यांनी ती दोन वांगी चिरली, बी पाण्यात चोळून काढले, चुलीतल्या राखेत घोळले आणि फडक्यावर उन्हात पसरले. ते सुकेपर्यंत आम्ही घाटावर बसून राहिलो. परत आलो तेव्हा त्या बी हातात घेऊन उभ्या होत्या.

‘ह्ये आता कुनाकडं द्यायचं?’

मी डबा उघडला. हरभऱ्याची वाटी भरलेली, ज्वारीची भरलेली. मधली वाटी तेवढी मोकळी होती. तिच्यात सुमनने कधी काही ठेवले नव्हते. सोनाबाईंनी राखेसकट बी त्यात ओतले आणि बोटाने सारखे केले.

पुणे

डबा मी कबूल केल्याप्रमाणे परत आणला. सुमनच्या आईने झाकण काढले, मधल्या वाटीत पाहिले, आणि तो नेहमीच्या जागी, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. बी केंद्रात देण्यापूर्वी काही दिवस ते तेथेच होते.

आता आषाढ लागला आहे. वाफ्यात रोपे चार पानांवर आली आहेत. वाघमारेंनी पाटीवर नंबर घातला आहे आणि पाटी उलटी रोवली आहे. लावायजोगी झाली की रोपे तिन्ही गावी जातील. तात्यांनी शपथ घेतली आहे की पेंडीचा कणही त्या वाफ्याजवळ जाणार नाही, आणि काकू त्यावर लक्ष ठेवणार आहेत. मुळे माघात पाहायची. मी जाणार आहे.

सोनाबाईंना कोणाकडून तरी निरोप पाठवला आहे: मी येतो. तिसरी मूठ तुमचीच. मन राखू नका.